किरकोळ बातम्या कुणाला सांगायच्या

ती गेली त्याला आता चौदा महिने होतील. सहा वर्षं सोबत होतो, त्यातली शेवटची चार एका घरात. मोठं भांडण झालं नाही, तिसरं कुणी नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी ती म्हणाली, "मला हल्ली इथे परत येताना घरी आल्यासारखं वाटत नाही रे", आणि मी फक्त "म्हणजे?" एवढंच विचारलं. मग जे काही बोलणं झालं ते तीन आठवडे चाललं आणि चौथ्या आठवड्यात तिचं सामान गेलं. हे सगळं पटापट सांगून टाकतोय कारण ब्रेकअपची गोष्ट थोड्याफार फरकाने सगळ्यांची सारखीच असते आणि दुसऱ्याची ऐकताना कंटाळा येतो हे मी स्वतः अनुभवलंय. मला त्यानंतरचं लिहायचंय. दुःख होणार हे माहीत होतं, त्याची मानसिक तयारी वगैरे पण केली होती. पण तिच्यासोबत बाकीची सगळी माणसंसुद्धा परकी होऊन बसतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले काही आठवडे तर नुसते शरीराचेच. पहाटे साडेतीनला जाग यायची, मग सहापर्यंत छताकडे बघत पडायचं. दहा वाजले की मी टीव्हीचा आवाज आपोआप कमी करायचो, कारण ती लवकर झोपायची. घरात मी एकटा, आणि रात्री दहानंतर ओठांच्या हालचालींवरून बातम्या ऐकतोय असं जवळजवळ तीन महिने चाललं. मग छातीत दाब यायला लागला, खरोखरचा, डाव्या बाजूला कुणी हात ठेवून बसल्यासारखा. घाबरून डॉक्टरकडे गेलो, ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाहीये, कसलं टेन्शन आहे का? मी म्हटलं नाही.

त्या रात्री अर्थातच इंटरनेटवर शोधत बसलो आणि ताकोत्सुबो हा शब्द सापडला. हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठ्या मानसिक किंवा शारीरिक धक्क्याने तात्पुरता फुगतो, आणि तो फुगलेला आकार जपानमधल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचंच नाव आजाराला. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. बहुतेक पेशंट पाळी थांबलेल्या वयाच्या बायका असतात आणि बरेचसे काही आठवड्यांत सावरतात. म्हणजे मी कुठूनच त्यात बसत नव्हतो. आणि खरं सांगू का, मी जरा निराश झालो. हसू नका. मला वाटलं होतं की कागदावर काहीतरी लिहून मिळालं असतं तर बरं झालं असतं, ऑफिसमध्ये दाखवता आलं असतं, की बघा, हे झालंय मला. कुणी वारलं तर माणसाला रजा मिळते, लोक येऊन बसतात, तुमच्याशी हळू आवाजात बोलतात. इथे तसं काहीच नाही. सोमवारी नऊ वाजता नेहमीसारखं लॉगिन करायचं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मोजतच नाही त्याच्यावर केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्येच सविस्तर लिहिलंय हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर निदान स्वतःलाच रजा दिली असती एक-दोन दिवस.

आता फोनमधल्या एका फाईलबद्दल. ती गेल्यानंतर नवव्या की दहाव्या दिवशी लिफ्टमध्ये एक गृहस्थ होते, त्यांच्या पिशवीत अलार्म वाजत होता. चांगला मोठ्याने, कोंबडा आरवल्याचा. आणि ते गृहस्थ हा आवाज आपला नव्हेच अशा थाटात छताकडे बघत उभे, चार मजले. आम्ही बाकीचे तिघेही छताकडे. मी बाहेर आलो, फोन काढला, तिचं चॅट उघडलं, "अगं ऐक" एवढं टाइप पण केलं. आणि थांबलो.

त्या क्षणी जे झालं ते आधीच्या नऊ दिवसांतल्या रडण्यापेक्षा वाईट होतं. कारण ती बातमी माझ्या हातात होती आणि ठेवायला जागा नव्हती. मोठ्या गोष्टींचं तसं बरं असतं, नोकरी गेली, कुणाला दवाखान्यात नेलं, तर कुणालाही फोन करता येतो, उलट नाही केला तर लोक रागावतात. पण पिशवीतल्या कोंबड्यासाठी कुणाला फोन करणार? त्याला एकच माणूस लागतो, ज्याला आधीचं सगळं माहीत आहे, लिफ्ट माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे जो "बरं मग?" असं विचारत नाही. सहा वर्षं मी माझ्या दिवसातला सगळा किरकोळ माल एकाच दुकानात टाकत होतो आणि ते दुकान बंद झालं होतं.

म्हणून मी फोनच्या नोट्समध्ये एक फाईल केली. नाव दिलं "सांगायचंय". त्यात लिहिलं, "लिफ्ट. पिशवीत कोंबडा." आणि मग ते चालूच राहिलं. "मीटिंगमध्ये सर्वंकष हा शब्द ११ वेळा, मोजले." "समोरच्या बाल्कनीतली बाई झाडांना एकेरीत झापते." "जिना. निळा बूट. एकच." अशा नोंदी. परवा मोजल्या तर २१२ निघाल्या.

दोन माणसं बराच काळ सोबत राहिली की त्यांची एक बोली तयार होते, तशी आमची पण होती. अत्यंत निरुपद्रवी, लक्षात न राहणाऱ्या माणसाला आम्ही 'मंगळवार' म्हणायचो. कारण सोमवारला निदान लोक शिव्या तरी देतात, शुक्रवार आवडतो, बुधवार म्हणजे अर्धा आठवडा संपला, मंगळवारला काहीच नाही. एक दिवस ऑफिसमध्ये नवीन आलेल्या माणसाबद्दल मी बोलून गेलो, "अगदीच मंगळवार आहे तो." शेजारची म्हणाली, "अं? आज गुरुवार आहे." मी म्हटलं हो हो, गुरुवारच. आणि बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. एक शब्द, पण तो समजणारा माणूस आता मी एकटाच उरलोय हे एकदम अंगावर आलं.

परकेपणाची सुरुवात साधारण इथून झाली असावी. दीड-दोन महिन्यांनी जुन्या ग्रुपने बोलावलं म्हणून गेलो. सहा-सात जण, सगळे चांगले लोक, कुणी काही वाकडं बोललं नाही. पण मी तिथे बसून लोकांची तोंडं बघत होतो. एखाद्या रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी बदलीवर माणूस पाठवतात ना, त्याला काम माहीत असतं पण तो तिथला नसतो, तसा मी माझ्याच जागी बदलीवर आलो होतो. कुठे हसायचं ते माहीत होतं, हसतही होतो. एकाने पाठीवर थाप मारून "सोड यार, जे होतं ते चांगल्यासाठी" म्हटलं, दुसऱ्याने त्याच्या कुठल्याशा भावाचं उदाहरण दिलं ज्याला नंतर म्हणे फार चांगली मिळाली. मी घरी येऊन ठरवलं की यांना काही कळत नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं तेव्हा. यांना काही कळत नाही. दिवसातून दोनदा तरी म्हणायचो मनात.

मग मी एक अत्यंत मूर्खपणाचं काम सुरू केलं, ते म्हणजे हिशोब. सात जणांची यादी, डोक्यातच, लिहिलेली नाही. कोण आपणहून फोन करतो, कोण करत नाही. मी आधी कुणालाच करणार नाही, बघू कुणाला माझी आठवण येते. तीन आठवड्यांत दोघांनी केला. बाकी पाच नापास. परीक्षा मी घेत होतो, निकालही मी लावत होतो, आणि परीक्षा आहे हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शिकागोचे जॉन कॅसिओपो म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी अनेक वर्षं एकटेपणावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की एकटेपणा हा भूक-तहानेसारखा इशारा आहे, माणसांकडे परत जा म्हणून सांगणारा. पण तो लांबला की उलटंच व्हायला लागतं, माणूस सावध होतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यात, शब्दात धोका शोधायला लागतो, आणि त्यामुळे अजून लांब जातो. हे वाचलं तेव्हा मला माझी सात जणांची यादीच दिसली समोर. भूक लागलेला माणूस ताट पुढे आल्यावर आधी विष आहे का बघतोय, आणि सगळ्यात तर वाईट म्हणजे त्याला वाटतंय की आपण हुशार आहोत.

त्याच काळात तिचं प्रोफाइल बघणं पण चालू होतं. एकदा मोजलं, दिवसात अकरा वेळा. तिने काही टाकलेलं नसायचंच, ती तशीही कधी टाकायची नाही, पण डीपी बदलला का, शेवटची कधी ऑनलाइन होती, एवढ्यासाठी अकरा वेळा. मी स्वतःला सांगायचो विचार करायचाच नाही, आणि अर्थातच ते जमायचं नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, आणि घंट्या वाजतच राहिल्या. वर आणि नंतर विचार करायची परवानगी मिळाल्यावर त्याच लोकांच्या डोक्यात अस्वल जास्तच धुमाकूळ घालायला लागलं, ज्यांना आधीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा. तर माझं अस्वल दिवसाला अकरा वेळा यायचं.

उपयोग झाला तो दुसऱ्या एका गोष्टीचा. प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नुकताच प्रेमभंग झालेल्या १५ जणांना एमआरआय मशीनमध्ये घालून सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला, तर मेंदूतले जे भाग पेटले त्यातले काही नशेच्या तलफेशी जोडलेले आहेत तेच. पंधराच लोक आहेत, त्यावरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं. पण 'तलफ' हा शब्द मला लागू पडला. प्रेम म्हटलं की त्याचा मान ठेवावा लागतो, तलफ म्हटलं की फक्त वाट बघावी लागते. मी वीस मिनिटांचा टायमर लावायला लागलो. बघायचंच आहे ना, बघ, वीस मिनिटांनी. वीस हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, आमच्या वॉशिंग मशीनची छोटी सायकल वीस मिनिटांची आहे म्हणून. महिन्याभरात अकराचे तीन झाले, आणि कपडे पण खूप स्वच्छ राहिले. त्याच अभ्यासात अजून एक होतं, की ज्यांना सोडून जास्त दिवस झालेले त्यांच्या मेंदूतल्या आसक्तीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी दिसली. हे वाक्य मी कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवसांत मला कुणाच्याही "वेळ हे औषध आहे"वर विश्वास नव्हता.

चौथा महिना मात्र वाईट गेला. झोप कमी आणि कामात चुका, एक मेल भलत्याच माणसाला गेला. पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेलो, यावेळी कसलं टेन्शन आहे का विचारल्यावर हो म्हणालो. त्यांनी नऊ प्रश्नांचा फॉर्म दिला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, किती दिवस तसं वाटलं. आठ प्रश्न भराभर टिक केले. नववा प्रश्न असतो की आपण नसतो तर बरं असं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटलं का. तिथे पेन थांबलं. मला मरायचं वगैरे नव्हतं, पण सकाळी जाग येऊच नये असं वाटलेलं होतं, तीन-चार वेळा तरी. 'अजिबात नाही'वर टिक करणार होतो, मग म्हटलं फॉर्मशी काय खोटं बोलायचं, आणि 'काही दिवस' वर केली. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि त्यावर अर्धा तास बोलले, घरी कोण आहे, रात्री असं वाटलं तर फोन कुणाला कराल, त्याचं नाव आत्ता सांगा. मी ताईचं नाव सांगितलं. म्हणाले आजच तिला हे सांगा, आणि एका काउन्सेलर मॅडमचा नंबर दिला. कुणी हे वाचत असेल आणि त्या नवव्या प्रश्नाशी अडला असेल तर खरी टिक करा बाबांनो, आणि त्याच दिवशी एका माणसाला तरी सांगा.

मॅडमकडे मी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लोकांच्या तक्रारी सांगितल्या. हा असं बोलला, तो आलाच नाही, कुणाला काही कळत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातल्या कुणाला तुम्ही सांगितलं होतं का, की तुम्हाला काय हवंय?" मी म्हटलं, "जवळच्या माणसाला सांगायला का लागावं?" त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं. त्या 'बरं'चा मला आठवडाभर राग आला.

त्यांनी मग एक लिहायचा प्रयोग दिला. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा आहे, १९८६ पासूनचा, सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं, मनाला सगळ्यात लागलेल्या गोष्टीबद्दल न थांबता लिहायचं, काय झालं ते पण आणि काय वाटलं ते पण, शुद्धलेखन बघायचं नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की लिहून झाल्यावर लगेच बरं वाटेल असं समजू नका, उलट जड वाटेल. पहिले दोन दिवस मी तिच्यावर लिहिलं, तिने काय काय केलं नाही त्याची यादी. तिसऱ्या दिवशी तेच तेच यायला लागलं, मलाच कंटाळा आला. चौथ्या दिवशी काही सुचेना म्हणून शेवटच्या वर्षातली एक साधी संध्याकाळ आठवून लिहायला घेतली. ती ओट्याशी उभी राहून मला ऑफिसमधलं काहीतरी सांगतेय, कुणाच्या तरी खुर्चीचं चाक निघालं होतं, भर मीटिंगमध्ये, आणि मी सोफ्यावर फोनमध्ये बघत "हं" म्हणतोय. ती थांबली. मी वर न बघता म्हटलं, "हं, मग?" ती म्हणाली, "काही नाही." मला ते 'काही नाही' इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी लिहायचं थांबलो. पंधरा मिनिटं व्हायची होती अजून.

मी सहा वर्षं माल टाकायला दुकान होतं म्हणत होतो. शेवटचं वर्षभर तिचा माल मी घेतलाच नव्हता. मला माझ्या बातम्या तेवढ्या सांगायच्या असायच्या. 'घरी आल्यासारखं वाटत नाही' चा अर्थ मला अकरा महिने उशिरा का होईना थोडासा लागला, आणि तो लागल्यावर बरं नाही वाटलं, फार वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं वेगळं होतं. त्यात मी बदलीवरचा माणूस नव्हतो.

(अकरा महिने म्हणजे त्या ओट्यापाशी उभ्या संध्याकाळपासून मोजून, ती गेली तेव्हापासून नाही. तारीख आठवते कारण त्या दिवशी मॅच होती आणि मी तीच बघत होतो.)

पुढचा गृहपाठ मला अगदी बालिश वाटला. आठवड्यातून एकदा, फाईलमधली एक किरकोळ गोष्ट, एका माणसाला सांगायची. दुःखाची नाही, सल्ला लागेल अशी नाही, नुसती किरकोळ. आणि तो काय म्हणतो त्याला मार्क द्यायचे नाहीत. पहिला प्रयत्न ऑफिसात, जेवायच्या सुट्टीत, शेजारी बसणाऱ्याला. म्हटलं, "आमच्या समोर एक बाई आहे, ती झाडांना झापते, काल जास्वंदीला म्हणाली तुला लाज नाही वाटत." तो म्हणाला, "अच्छा." आणि फोनमध्ये बघायला लागला. मला दोन दिवस पुरला तो अच्छा. पहिल्या दिवशी अपमान म्हणून, दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं की अरे, हा तर माझाच 'हं' आहे. तेव्हा मात्र हसू आलं, जरासं.

ताईला सांगितलं तेव्हा वेगळीच गंमत. ताईचा स्वभाव उपाय सांगायचा. मी वाक्य पुरं करायच्या आत तिच्याकडे तीन उपाय तयार असतात, योगा कर, फिरायला जा, माझ्याकडे येऊन राहा. मी तिला फोनवर म्हटलं, "ताई, मला उपाय नकोय, तू नुसतं ऐकशील का?" म्हणाली, "ऐकते ना, बोल." मी बोलायला लागलो तर पलीकडून चिडीचूप. मी म्हटलं आहेस का? "आहे, आहे. ऐकतेय मी. नुसतं ऐकतेय." परत शांतता. मग दोन मिनिटांनी न राहवून, "पण मी एक सांगू का? नको. नाही सांगत. बोल तू." मी इतका हसलो की जे सांगायचं होतं ते राहिलंच. त्यानंतर आमचं असं ठरलंय की ती आधी विचारते, "ऐकू की सांगू?" आणि कधी कधी मी सांग म्हणतो, कारण तिचे उपाय तसे वाईट नसतात.

यादीतल्या पाच नापासांपैकी एकाला, माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला, एकदा भेटून सरळ विचारलं की तू तेव्हा गायब का झालास. तो चक्रावला. "मी? अरे तूच बिझी आहे म्हणायचास. मला वाटलं तुला एकटं राहायचंय." मी म्हटलं काहीही. त्याने फोन काढून चॅट वर वर नेलं आणि माझ्यापुढे धरलं. त्याचे मेसेज: येतोस का, कसा आहेस, शनिवारी काय करतोयस, अरे जिवंत आहेस ना. माझी उत्तरं: बघतो. ठीक. बिझी आहे जरा. आणि शेवटच्याला नुसता अंगठा. जिवंत आहेस का विचारणाऱ्याला मी अंगठा पाठवला होता. आम्ही दोघं ते बघत बसलो. तो म्हणाला, "अंगठ्यावर माणूस काय बोलणार, सांग." म्हणजे 'यांना काही कळत नाही' हे मी ज्या माणसाबद्दल म्हणत होतो त्याला कळायला मी एक अंगठा दिला होता. त्याची चूक अजिबात नव्हती असंही नाही हं, एकदा दारात येऊन उभा राहिला असता तर मला आवडलं असतं, आणि हे मी त्याला बोललो पण. तो म्हणाला, "हो, यायला हवं होतं."

एक माणूस मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. सहाव्या महिन्यापासून मी आठवड्यातून दोनदा सकाळी पोहायला जायला लागलो होतो, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून. तिथे एक साठीचे काका रोज पायऱ्यांवर बसलेले असायचे आणि मी उतरताना म्हणायचे, "आज पाणी गार आहे." पाणी कसंही असो. मी म्हणायचो, "हो, गारच आहे." संपलं संभाषण. त्यांना माझं नाव माहीत नाही, काय झालंय ते माहीत नाही, म्हणून तिथे मला काही सांभाळावं लागायचं नाही. मध्ये मी तापाने आजारी पडलो, दोन आठवडे गेलो नाही. परत गेलो तर काका म्हणाले, "कुठे होतात? मला वाटलं सोडलंत पोहणं." आणि मग, जरा थांबून, "पाणी गार आहे." मला पाण्यात उतरल्यावर रडू आलं. पोहताना रडायची एक सोय असते, कुणाला दिसत नाही, चष्मा तेवढा आतून ओला होतो. ज्या माणसाचा मी हिशोबच ठेवला नव्हता तो मी नसल्याचा हिशोब ठेवून होता.

नंतर कुठेतरी वाचलं की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की दोघांनाही वाटतं आपण समोरच्याला विशेष आवडलो नाही, आणि प्रत्यक्षात समोरच्याला आपण त्याहून जास्त आवडलेले असतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे पद्धतशीर तपासलं. आता मी कुणाशी बोलून आल्यावर आपण फार बोर केलं असं वाटलं की स्वतःशी म्हणतो, पाणी गार आहे.

या सगळ्यात सरळ चढण कुठेच नव्हती बरं का. नवव्या महिन्यात एका दुपारी घरात तिच्या हस्ताक्षरातली वॉरंटी कार्डाची तारीख सापडली आणि मी परत पहिल्या आठवड्यात. लोक ते पाच टप्पे सांगतात ना, नकार, राग, वगैरे, मी पण स्वतःला तपासत बसायचो आता कितव्या पायरीवर आहे म्हणून. ते १९६९ सालचे टप्पे एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून लिहिलेले आहेत, माझ्यासारख्यासाठी नव्हेतच. मॅडमनी त्याऐवजी स्ट्रोब आणि शूट या दोन मानसशास्त्रज्ञांचं १९९९ चं मांडणं सांगितलं, की शोक करणारा माणूस झोके घेत असतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या आयुष्याकडे, आणि हे मागेपुढे होणं बिघाड नाही, तीच त्याची रीत आहे. ते पण जोडीदार वारलेल्या लोकांवरून निघालेलं आहे, पण मला ते बरं पडलं. वॉरंटी कार्ड परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. मशीन अजून वॉरंटीत आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसात ती गुरुवारवाली शेजारीण एका व्हेंडरच्या माणसाबद्दल चिडून म्हणाली, "तीन वेळा फोन केला, उचलत नाही, अगदीच मंगळवार आहे." मी एकदम मान वर केली. बहुतेक मी मधल्या काळात तिच्यासमोर परत कधीतरी बोलून गेलो असेन. तिने अर्थ चुकीचा लावलाय, तिला वाटतं मंगळवार म्हणजे आळशी. आता तिच्या टीममधले दोघंतिघं पण त्याच अर्थाने म्हणतात. मी दुरुस्त करणार होतो, मग म्हटलं राहू दे.

परवा रात्री सवयीने "सांगायचंय" उघडली तर शेवटची नोंद पाच आठवडे जुनी. मधल्या काळातलं सगळं कुठे ना कुठे देऊन झालंय, काही ताईला, काही मित्राला, एक तर चक्क त्या अच्छावाल्याला, आणि तो यावेळी हसला. त्याचं पण मी आता ऐकतो, त्याच्या मुलीला दात येतायत. तर मी वरून सगळ्या २१२ वाचायला घेतल्या. कोंबडा आठवला, सर्वंकष आठवलं. मध्येच "जिना. निळा बूट. एकच." वर अडकलो. मला काही केल्या आठवेना हे काय होतं. कुणाचा बूट, त्यात सांगण्यासारखं काय होतं, आणि मी इतक्या घाईने का लिहून ठेवलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते तरी मित्राला मेसेज टाकला, निळ्या बुटाचं काही आठवतंय का तुला. त्याचं उत्तर लगेच आलं, "कुठला निळा बूट?" मी लिहिलं, तेच तर.

मग त्याने फोनच केला.